डिप्लोमॅट आपल्या काय कामाचा? ज्ञानेश्वर मुळे आणि पोस्टातला पासपोर्ट

डिप्लोमॅट म्हटलं की डोळ्यांसमोर कोट-टाय आणि हस्तांदोलनाचे फोटो येतात. पण हिंगोली, वसमत, सेनगावच्या पोरांना या माणसांचा काय उपयोग? आज ते एका मराठी माणसाच्या करिअरमधून बघू.

ज्ञानेश्वर मुळे. गाव अब्दुल लाट, तालुका शिरोळ, जिल्हा कोल्हापूर. आधी डेप्युटी कलेक्टर, मग १९८३ मध्ये भारतीय परराष्ट्र सेवेत. टोकियो, मॉस्को, दमास्कस असं करत मालदीवमध्ये उच्चायुक्त झाले. राष्ट्रकुलातल्या देशांत आपल्या राजदूताला उच्चायुक्त म्हणतात, एवढाच फरक.

२०१३ मध्ये ते न्यूयॉर्कला कॉन्सुल जनरल म्हणून गेले. हे पद वेगळं. राजदूत वॉशिंग्टनला बसतो, सरकारशी बोलतो. कॉन्सुल बाकीच्या मोठ्या शहरांत असतो आणि माणसांची कामं बघतो. कुणाचा पासपोर्ट हरवला, कुणाला अटक झाली, कुणाचा मृतदेह गावी पाठवायचाय, तर दार याचंच ठोठवायचं.

पुढे ते परराष्ट्र मंत्रालयात सचिव झाले. पासपोर्टचं खातं त्यांच्याकडे, मंत्री सुषमा स्वराज. त्या काळात दोन मोठे बदल झाले.

पहिला, कागदपत्रं. २६ जानेवारी १९८९ नंतर जन्मलेल्यांना जन्मदाखला लागायचाच. खेड्यात कित्येकांकडे तो नसायचा. डिसेंबर २०१६ च्या नियमांनी शाळा सोडल्याचा दाखला, पॅन, आधार हेही जन्मतारखेचे पुरावे म्हणून चालू लागले. आई-वडील दोघांची नावं देण्याची सक्तीही गेली. एकट्या आईने वाढवलेल्या मुलांसाठी ही किती मोठी गोष्ट आहे!

दुसरा, अंतर. जानेवारी २०१७ पासून पोस्ट ऑफिसमध्येच पासपोर्ट केंद्रं सुरू झाली. सुरुवात म्हैसूर आणि दाहोदला. ध्येय असं, की कुणालाही ५० किलोमीटरपेक्षा लांब जावं लागू नये. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला यातली युक्ती आवडते: नवी इमारत बांधण्यापेक्षा जिल्ह्याजिल्ह्यात आधीच असलेलं पोस्टाचं जाळं वापरलं. फॉर्म ऑनलाइन, बोटांचे ठसे आणि फोटो पोस्टात, मग पोलीस पडताळणी, आणि पासपोर्ट स्पीड पोस्टाने घरी.

परदेशातल्या नोकरीचा कॉल आला आणि हातात पासपोर्टच नसेल, तर संधी थांबत नाही. म्हणून गरज पडायच्या आधीच अर्ज करून ठेवा. फक्त सरकारी पासपोर्ट सेवा साइटवरूनच हं, बनावट साइट्स खूप आहेत.

भेटू पुढच्या भागात!