कार्बन बाजार आणि घरचे वीजबिल

कॅलिफोर्नियाने २००६ साली एबी ३२ हा कायदा करून हरितगृह वायूंना वेसण घालण्याचे ठरवले. त्यातून उभा राहिलेला कार्बन बाजार २०१३ पासून लागू आहे. राज्य एकूण उत्सर्जनाची मर्यादा ठरवते, ती दरवर्षी खाली आणते आणि तेवढेच परवाने काढते. काही परवाने फुकट मिळतात, बाकीचे लिलावात. वीजनिर्मितीत हा खर्च दरात मिसळतो आणि अखेर ग्राहकाच्या माथी येतो.

खरी मेख पुढे आहे. खासगी वीज कंपन्यांना ग्राहकांच्या नावाने फुकट परवाने मिळतात, पण ते त्यांना लिलावात विकावेच लागतात. त्या पैशातून २०१४ पासून घरगुती बिलात ‘क्लायमेट क्रेडिट’ वजा होऊ लागले. वर्षानुवर्षे ते एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये मिळत आले. एका कंपनीच्या सर्व घरांना रक्कम सारखीच, मग एसी दिवसभर चालो वा न चालो. म्हणून कमी वीज वापरणाऱ्याचा फायदा तुलनेने मोठा. योजनेतला हा सर्वांत शहाणा भाग.

पेट्रोल २०१५ पासून या चौकटीत आले. पंपावर मात्र अशी सूट नाही. २०२५ च्या कायद्याने या बाजाराची मुदत २०४५ पर्यंत वाढवली आहे.