वैद्यक-इतिहास परिषदेसाठी शोधनिबंधाचा प्रस्ताव : खानदेशातील वैद्यांनी काय मांडावे?

वैद्यकाच्या इतिहासावरील परिषदांची निमंत्रणे आता जळगाव-धुळ्यापर्यंत पोहोचू लागली आहेत. तथापि ‘इतिहास हा प्राध्यापकांचा प्रांत’ असे मानून आपले बहुतेक व्यवसायबंधू ती बाजूस ठेवतात. ही समजूत दूर व्हावी, यासाठी आम्ही हे लिहीत आहोत.

चिकित्सकाने इतिहास लिहिण्याची परंपरा खानदेशाला अपरिचित नाही. चाळीसगावजवळील पाटण येथे इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिल्याची नोंद त्यात आहे. हा लेख १८६५ मध्ये विद्वानांसमोर आणला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. कुष्ठावर कडूकवठाच्या तेलाचे प्रयोग करणारे हे मुंबईतील चिकित्सकच होते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगावची दप्तरे जमविली. १९२६ च्या अखेरीस धुळ्यात त्यांचे निधन झाल्यावर, तो संग्रह जपण्यासाठी १९२७ मध्ये तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले.

दप्तरे आपल्याकडेही आहेत. आजोबांच्या हातची योगांची वही, खरल-भट्टीचा हिशेब, काष्ठौषधींच्या खरेदीची चोपडी, जुनी लेबले व किंमतपत्रके हा सर्व अस्सल पुरावा होय. दुकानाची जागा बदलली वा पुढची पिढी अन्य व्यवसायात गेली, की हाच पुरावा रद्दीत जातो. मग खानदेशच्या वैद्यकाविषयी केवळ सरकारी कागदच बोलतात, आणि आपली बाजू कायमची अबोल राहते.

प्रस्ताव कसा असावा?

प्रस्तावाच्या सारांशास बहुधा अडीचशे ते तीनशे शब्दांची मर्यादा असते. त्यातील निम्मे शब्द आयुर्वेदाच्या प्राचीनत्वाच्या गौरवात खर्ची घालू नयेत. परीक्षकांना ते ठाऊक असते. प्रश्न लहान, स्थळ निश्चित व कालखंड मर्यादित असावा. कोणता पुरावा पाहिला, तो कोठे आहे, त्याचे वाचन कसे केले आणि त्यातून काय दिसते, हे चार मुद्दे क्रमाने यावेत.

उदाहरण घेऊ. ‘खानदेशातील आयुर्वेद’ हा विषय निबंधास पेलणार नाही. परंतु १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदीय औषधे औषध कायद्याच्या कक्षेत आली. तेव्हा एखाद्या लहान रसशाळेतील निर्मिती, लेबले व नोंदवह्या कशा बदलल्या, हा प्रश्न एका कुटुंबाच्या वह्यांवरूनही तपासता येतो. तसेच सातपुड्यातून आणि मुंबईच्या बाजारातून कोणती द्रव्ये येत, हे खरेदीच्या चोपड्यांवरून पाहता येईल. मात्र एका दुकानावरून साऱ्या खानदेशाचा निष्कर्ष काढू नये.

काही दक्षता

मूळ नोंद जशीच्या तशी उतरवावी. शकात ७८, वर्षअखेरच्या महिन्यांत ७९ मिळवून इसवी सन द्यावा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा व तोळा सुमारे ११.६६ ग्रॅम, हे कोष्टक जवळ ठेवावे. दशमान वजने १९५८ पासून लागू होऊ लागली. ‘परंपरेने असे सांगतात’ आणि ‘वहीत असे लिहिले आहे’ यांतील भेद स्पष्ट ठेवावा. रुग्णांची नावे वगळावीत, वहीच्या मालकाची लेखी संमती घ्यावी. कौटुंबिक गुप्तयोग प्रकट करण्याचे बंधन नाही. त्याविनाही इतिहास लिहिता येतो.

प्रस्ताव स्वीकारला न गेला तरी केलेली सूची व छायाचित्रे वाया जात नाहीत. तोच मजकूर अन्य परिषदेस वा हैदराबाद येथील राष्ट्रीय भारतीय आयुर्विज्ञान संपदा संस्थेसारख्या संस्थेस उपयोगी पडू शकतो. म्हणून प्रत्येक वैद्याने व औषधालय मालकाने प्रथम आपले जुने कपाट उघडावे, हाती लागेल त्याची यादी करावी, आणि यादी होईपर्यंत एकही कागद रद्दीत देऊ नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.