न उघडणारे चित्र

संगणकावरील एखादे चित्र एका सॉफ्टवेअरमध्ये सुरळीत दिसते आणि दुसरे मात्र तीच फाइल खराब ठरवून उघडायचे नाकारते, तेव्हा दोष फाइलचा की सॉफ्टवेअरचा, या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नसते. प्रत्येक चित्रप्रकाराची रचना नियमांनी ठरलेली असते; काही सॉफ्टवेअर किरकोळ नियमभंगाकडे काणाडोळा करून जेवढे चित्र हाती लागेल तेवढे दाखवतात, तर काही पहिल्याच विसंगतीवर थांबतात.

पुष्कळदा फाइल मुळात बिघडलेलीच नसते, तिचे नाव तेवढे चुकीचे असते. आयफोनने २०१७ पासून स्वीकारलेल्या एचईआयसी प्रकारातील छायाचित्राच्या नावापुढे कोणी 'जेपीजी' लिहिले, तरी आतील मजकूर बदलत नाही आणि नावावर विसंबणारे सॉफ्टवेअर फसते. खरी ओळख फाइलच्या सुरुवातीच्या बाइटांत, म्हणजे शून्य ते २५५ यांमधील मूल्य असलेल्या एककांत, असते. जेपीईजी फाइल २५५, २१६ या जोडीने सुरू होते. पीएनजीची आठ बाइटांची ओळखखूण १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १० अशी असून ती फार विचारपूर्वक रचलेली आहे. त्यातील ८०, ७८, ७१ ही 'पी', 'एन', 'जी' ही अक्षरे होत. पहिले १३७ हे मूल्य, बाइटाचा आठवा बिट गाळणाऱ्या जुन्या संदेशवहन मार्गातून फाइल गेली तर ९ होते आणि बिघाड तिथेच पकडला जातो. पुढील १३ आणि १० ही विंडोजमधील ओळ संपल्याची खूण, तर शेवटचे १० ही युनिक्समधील. फाइल पाठवताना ती चित्र नसून मजकूर आहे असे समजून एखाद्या प्रणालीने ओळींच्या खुणा बदलल्या, तर या शेवटच्या चार बाइटांतच मोडतोड दिसून येते. अशा फाइलवर दुरुस्तीचे प्रयोग करण्यापेक्षा ती योग्य रीतीने पुन्हा मागवणेच शहाणपणाचे.

पीएनजीमध्ये पुढील सर्व माहिती तुकड्यांत विभागलेली असते आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी त्याच्या प्रकारावरून व आशयावरून गणिताने काढलेला चार बाइटांचा पडताळा-अंक असतो. त्यामुळे एक बिट पालटला तरी तो लपत नाही, आणि 'पीएनजीचेक' हे साधन बिघडलेला तुकडा नेमका दाखवते. जेपीईजीत असा पडताळा नाही. तेथे चित्र लहान चौकोनांत विभागलेले असते आणि प्रत्येक चौकोनाची सरासरी छटा आधीच्या चौकोनापासूनच्या फरकाच्या रूपात नोंदलेली असते, म्हणून एका ठिकाणची चूक पुढे पसरत जाते. छायाचित्राचा वरचा भाग स्वच्छ आणि खालचा सगळा गुलाबी किंवा हिरवट, असे जे दृश्य दिसते त्याचे कारण हेच. खालचा भाग सपाट राखाडी असेल, तर फाइल अर्धवट उतरलेली असण्याचा संभव अधिक. छपाईसाठी चार शाईंच्या रंगपद्धतीत, म्हणजे सीएमवायकेमध्ये, जतन केलेला जेपीईजी पूर्णपणे निर्दोष असूनही अनेक साध्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही किंवा त्याचे रंग उलटे दिसतात. दिवाळी अंकांच्या मांडणीत हा अनुभव नवा नसावा.

काटेकोर सॉफ्टवेअरवर रागावण्याआधी २००४ मधील एक प्रकरण ध्यानात घ्यावे. जेपीईजीतील टिपणाच्या विभागात त्याची लांबी लिहिलेली असते आणि त्या आकड्यात लांबी लिहिण्याचे दोन बाइटही धरलेले असतात, म्हणजे ती दोनपेक्षा कमी असूच शकत नाही. मायक्रोसॉफ्टच्या चित्रप्रणालीने ही खात्री न करता दोन वजा केले, त्यामुळे शून्य किंवा एक लिहिलेल्या फाइलमुळे आकडा प्रचंड मोठा झाला आणि घुसखोरांना संगणकात शिरण्याची वाट मिळाली. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी प्रकार वाचणाऱ्या सॉफ्टवेअर लायब्ररीतही अशाच जातीची गंभीर त्रुटी उघड झाल्याने क्रोम व फायरफॉक्स तातडीने अद्ययावत करावे लागले. संशयास्पद फाइल नाकारणे हा या दृष्टीने गुण आहे.

दुरुस्तीची सुरुवात मूळ फाइलची प्रत काढून, त्या प्रतीवरच करावी. युनिक्सच्या 'फाइल' या आज्ञेने खरा प्रकार कळला की नाव सुधारावे. चित्र दिसणाऱ्या उदार सॉफ्टवेअरमधून ते नव्याने जतन करावे. केवळ जोडमाहितीच्या विभागात गोंधळ असेल, तर 'जेपीईजीट्रान' चित्राला धक्का न लावता तो विभाग गाळून नवी फाइल बनवते. मात्र मेमरी कार्डावरून निघालेल्या फाइलचा आकार योग्य असून आत केवळ शून्येच भरलेली असतील, तर त्या फाइलमधून कोणतेही साधन काही परत आणू शकत नाही. अशा वेळी कार्डावर नवे काही न लिहिता तेथील मूळ माहिती फोटोरेकसारख्या साधनाने शोधणे, एवढाच मार्ग उरतो.