यंत्र चालू, पडदा मुका

अंबरनाथचे आनंदनगर व मोरिवली आणि बदलापूरचे खरवई या औद्योगिक क्षेत्रांत रासायनिक कारखाने आहेत. अशा कारखान्यांत रिॲक्टरचे तापमान, दाब व झडपा 'पीएलसी' हा नियंत्रक सांभाळतो आणि त्याची माहिती संगणकाच्या पडद्यावर दिसते. वीज जाऊन परत आल्यावर मात्र कधी पडद्यावरील आकडे गोठतात. केबल शाबूत असते, 'पिंग'ला उत्तर येते, तरी संपर्क जुळत नाही. याचे एक नेहमीचे कारण म्हणजे जोडण्यांची संपलेली मर्यादा.

नियंत्रकाची स्मृती तोकडी असते. त्यामुळे 'मॉडबस'च्या ५०२ क्रमांकाच्या पोर्टवर तो एका वेळी मोजक्याच जोडण्या स्वीकारतो. अनेक लहान नियंत्रकांत त्या आठ किंवा सोळा असतात. वीज जाताच संगणक बंद पडतो. यूपीएसवर चालणाऱ्या नियंत्रकाला मात्र ते कळत नाही. जुनी जोडणी जिवंत समजून तो जागा अडवून ठेवतो. संगणक परतल्यावर नवी जोडणी मागतो. असे दोन-चार वेळा घडले, की सर्व जागा भरतात. निष्क्रिय जोडणी तपासण्याचा कालावधी अनेक प्रणालींत मुळात दोन तासांचा असतो. 'पिंग' अशी जागा घेतच नाही, म्हणून ते फसवे समाधान देते.

निदानासाठी प्रथम नियंत्रकाच्या निदान पानावर चालू जोडण्या मोजाव्यात. नंतर प्रत्येक संगणकावर 'नेटस्टॅट' आज्ञा देऊन ५०२ पोर्टशी कोण जोडलेले आहे ते पाहावे. विसरलेला लॅपटॉप किंवा दर वाचनाला नवी जोडणी उघडणारी आज्ञावली बहुधा येथेच सापडते. अनावश्यक जोडण्या बंद कराव्यात. प्रक्रिया सुरू असताना नियंत्रक बंद-चालू करण्याचा मोह मात्र टाळावा. जागा मोकळ्या होतील, पण झडपा व पंपही थांबू शकतात.

कायमच्या उपायासाठी एकाच सर्व्हरने नियंत्रकाशी बोलावे व इतरांनी त्याच्याकडून माहिती घ्यावी. निष्क्रियतेची मुदत कमी करून एक जागा दुरुस्तीसाठी राखावी. २०२४ मध्ये डोंबिवलीतील रिॲक्टर स्फोटाने रासायनिक प्रक्रियेतील जोखीम पुन्हा दाखवून दिली. म्हणूनच तापमान वाढताच प्रक्रिया थांबवणारी सुरक्षायंत्रणा नेटवर्कवर विसंबून नसावी. पडदा मुका झाला, तरी ती जागी राहिली पाहिजे.