हवाईसेविकेचें शिक्षण

‘हवाईसुंदरी’ या शब्दानें मोठा घोटाळा करून ठेविला आहे. सुंदर चेहरा, नीटनेटका पोषाख आणि गोड हसणें एवढ्या भांडवलावर विमानांत नोकरी मिळते, अशी समजूत वरच्या वर्गांतील मुलींची, आणि त्यांहूनहि अधिक त्यांच्या पालकांची, झालेली आम्हांस आढळते. मुलगेहि या कामावर असतात, हें तर कित्येकांच्या गांवींहि नसतें. या कामास खरोखर कोणतें शिक्षण लागतें, तें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या पेशाचा उगमच मुळीं शुश्रूषेंत आहे. 1930 च्या मे महिन्यांत एलेन चर्च ही अमेरिकन परिचारिका बोइंग कंपनीच्या विमानांतून उतारूंच्या सेवेसाठीं गेली. जगांतील पहिली हवाईसेविका ती हीच. तिला स्वतःस वैमानिक व्हावयाचें होतें, पण कंपनीनें तें मानलें नाहीं. तेव्हां आजारी व भयभीत उतारूंची काळजी घेण्यास परिचारिका नेमाव्या, ही कल्पना तिनेंच मांडली. पुढें कित्येक वर्षें तेथें परिचारिकेचें प्रमाणपत्र ही अटच होती. दुसऱ्या महायुद्धांत परिचारिका सैन्याकडे गेल्या व अट सुटली. काम मात्र राहिलें.

आपल्या देशांत वयाचीं 18 वर्षें पूर्ण व 12 वी उत्तीर्ण एवढीच किमान पात्रता कंपन्या बहुधा मागतात. इंग्रजी व हिंदी स्वच्छ बोलतां आलीं पाहिजेत. वैद्यकीय तपासणींत उतरलें पाहिजे. स्त्रियांस सुमारें 155 सेंटिमीटर उंचीची अट पुष्कळांस नखऱ्याची वाटते. परंतु आसनांवरील कप्प्यांत ठेविलेलीं संकटकालचीं साधनें हातीं लागलीं पाहिजेत, हें तिचें एक कारण आहे.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. शहरोशहरीं ‘हवाई प्रशिक्षण’ देणाऱ्या खासगी संस्था निघाल्या आहेत, व त्यांची फी मोठी असते. तेथें बोलण्याचालण्याची रीत शिकतां येत नाहीं असें नाहीं. पण तेथील प्रमाणपत्र ही नोकरीची अट नव्हे. निवड झाल्यावर कंपनी आपलें शिक्षण स्वतंत्रपणें देते, आणि खरें शिक्षण तेंच. दागिना गहाण टाकून ही फी भरणाऱ्या पालकांनीं कंपनीच्या जाहिरातींतील अटी अगोदर वाचाव्या. मुलाखतीसाठींच पैसे मागणारा मनुष्य तर कंपनीचा नव्हेच, असें समजावें.

कंपनीचें हें शिक्षण कित्येक आठवड्यांचें असतें, आणि चहाफराळ वाढण्याचा भाग त्यांत लहान. धुरानें भरलेल्या खोलींतून वाट काढणें, आग विझविणें, जड दार उघडून घसरगुंडी फुगविणें, पाण्यांत तराफ्यावर उतारूंस चढविणें, हृदय थांबलेल्या मनुष्याची छाती ठराविक गतीनें दाबणें, हें सर्व हातांनीं करून दाखवावें लागतें. 44 हून अधिक आसनांच्या विमानाची कसोटीच अशी, कीं निम्मीं दारें बंद असतांहि सर्व मंडळी 90 सेकंदांत बाहेर पडली पाहिजे. 35,000 फुटांवर आंतील हवेचा दाब एकाएकीं गेला, तर मनुष्याचें भान अर्धा ते एक मिनिटच टिकतें; म्हणून प्राणवायूचा मुखवटा प्रथम स्वतःस व मग शेजाऱ्यास, असा नियम आहे. त्यांत स्वार्थ नाहीं. विमान उडतांना सेविका आपल्या आसनावर स्तब्ध बसलेली दिसते, तेव्हां ती विश्रांति घेत नसते. कोणतें दार माझें, तें कसें उघडेल, कोणती आज्ञा द्यावयाची, याची मनांत उजळणी चाललेली असते.

या उजळणीचें फळ 2 जानेवारी 2024 रोजीं टोकियोच्या हानेदा विमानतळावर दिसलें. उतरणारें जपान एअरलाइन्सचें विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलें. आंत 379 माणसें होतीं. ध्वनिक्षेपक बंद पडला. सेवकवर्गानें कर्ण्यानें व ओरडून सूचना दिल्या, सामान मागें टाकावयास लावलें, आणि आठांपैकीं तीनच दारें वापरून सर्वांस जिवंत बाहेर काढलें. दुसऱ्या विमानांतील पांच जण मात्र दगावले.

आपल्याकडील उदाहरण नीरजा भनोत हिचें. ती मुंबईच्या बॉम्बे स्कॉटिश शाळेची, म्हणजे मिशनच्याच शाळेची विद्यार्थिनी. 5 सप्टेंबर 1986 रोजीं कराचीस पॅन अ‍ॅमच्या विमानांत सशस्त्र अतिरेकी शिरले, तेव्हां तिनें वैमानिकांस तत्काळ इशारा दिला. ते निसटले, म्हणून विमान उडवून नेतां आलें नाहीं. अमेरिकन उतारूंचीं पारपत्रें तिनें व तिच्या सहकाऱ्यांनीं लपविलीं. शेवटीं गोळीबार सुरू झाला असतां उतारूंस बाहेर काढतांना ती मारली गेली. तिचें वय 22 होतें. अशोकचक्र मिळविणारी ती पहिली स्त्री.

आतां गैरसोयीहि सांगावयास हव्यात. झोपेची वेळ ठरलेली नसते, दिवाळी किंवा नाताळ घरीं होईलच असें नाहीं, पायांस व पाठीस त्रास होतो. शिवाय शिक्षण एकदां घेऊन संपत नाहीं. नोकरींत असेपर्यंत दर वर्षीं पुन्हां प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते, आणि तींत उत्तीर्ण झाल्यावांचून विमानांत कामावर चढतां येत नाहीं.