कोणाच्या चेंडूत किती हवा

मॅसॅच्युसेट्समधल्या फॉक्सबरोला न्यू इंग्लंड पॅट्रियट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचं स्वतःचं संग्रहालय आहे. तिथे छताला एक जुना ट्रॅक्टर टांगून ठेवलाय. १२ डिसेंबर १९८२ रोजी याच गावात पॅट्रियट्स आणि मायामी डॉल्फिन्स बर्फात खेळत होते. शेवटची पाच मिनिटंही उरली नव्हती आणि दोघांच्याही नावावर भोपळाच होता. पॅट्रियट्सना किक मारून तीन गुण मिळवायचे होते, पण पाय ठरायला जागा नव्हती. त्यांचे कोच रॉन मायर यांनी ट्रॅक्टरवाल्याला हाक दिली. तो मैदानात शिरला, किकसाठी लागेल तेवढी जागा झाडून गेला आणि पॅट्रियट्स ३-० असे जिंकले. ट्रॅक्टर चालवणारा होता तुरुंगातून कामापुरता बाहेर सोडलेला कैदी. मायामीचे कोच डॉन शूला भडकले आणि त्यांनी थेट लीगच्या कमिशनरकडे तक्रार केली. कमिशनर पीट रोझेल यांनी झालेला प्रकार बरोबर नसल्याचं मान्य केलं, पण निकाल फिरवण्याचा अधिकार आपल्याला नाही म्हणून सांगितलं.

फॉक्सबरोत हा किस्सा हसत सांगतात, मायामीत दात-ओठ खात. त्या काळच्या बहुतेक लबाड्यांचं असंच होतं. ओकलंड रेडर्सचा लेस्टर हेज हातांना चिकट लेप फासून चेंडू अडवायचा. १९८१ साली लीगने त्या लेपावर बंदी घातली आणि विषय मिटला. चाहते चिडायचे, शिव्या द्यायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा स्टेडियमवर हजर व्हायचे.

२००७ पासून मात्र सूर पालटला. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, एकाच संघावर बारा-तेरा वर्षं फसवणुकीचे आरोप होत राहिले. त्यावरून चाहत्यांच्या ज्या छावण्या पडल्या त्या अजून मोडलेल्या नाहीत. त्या काळात लबाडी वाढली असं मला वाटत नाही. माझ्या मते न्याय करणाऱ्यावरचा विश्वास उडाला, आणि तो उडवण्यात न्याय करणाऱ्याचाच हात मोठा होता.

सुरुवात ९ सप्टेंबर २००७ ला झाली. हंगामाचा पहिलाच आठवडा, न्यूयॉर्क जेट्सविरुद्धचा सामना. बचाव करणाऱ्या संघाचे कोच त्या वेळी मैदानाबाहेरून हातवारे करून खेळाडूंना पुढची चाल कळवायचे. पॅट्रियट्सचा एक सहायक मैदानालगत उभा राहून जेट्सच्या कोचचे हे हातवारे कॅमेऱ्यात टिपताना पकडला गेला. पकडून देणारे होते जेट्सचे कोच एरिक मॅन्जिनी, जे आधी पॅट्रियट्सचे मुख्य कोच बिल बेलिचिक यांच्याच हाताखाली तयार झाले होते. खुणा पाहण्यावर किंवा लक्षात ठेवण्यावर बंदी नव्हती. बंदी होती ती त्या जागेवरून चित्रीकरण करण्यावर, आणि लीगने सप्टेंबर २००६ मध्ये सगळ्या संघांना तशी लेखी समजही दिली होती. ती मिळूनही चित्रीकरण चालू ठेवलं, म्हणजे ही फसवणूकच होती. पॅट्रियट्सचे चाहते आजही 'सगळेच करत होते' म्हणतात, पण त्याने गुन्हा पुसला जात नाही.

शिक्षा जबर झाली. बेलिचिक यांना ५ लाख डॉलर दंड, संघाला अडीच लाख आणि २००८ च्या ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक वाटपातली, पहिल्या फेरीची निवड रद्द. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे कमिशनर रॉजर गुडेल यांनी जे केलं, त्याची किंमत लीग अजून मोजते आहे असं मी म्हणेन. पॅट्रियट्सकडून टेप आणि टिपणं ताब्यात घेतल्यावर काही दिवसांतच लीगने ती नष्ट करून टाकली. निकाल लागला आणि पुरावा संपला! पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर आर्लेन स्पेक्टर यांनी याचा जाब विचारला. ते फिलाडेल्फिया ईगल्सचे कट्टर चाहते होते, आणि ईगल्स २००५ ची सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम लढत, पॅट्रियट्सकडूनच २४-२१ अशी हरले होते. त्यामुळे बॉस्टनमध्ये त्यांची चौकशी म्हणजे हरलेल्याचं रडगाणं ठरलं. पण टेप का नष्ट केल्या, हा प्रश्न कोणत्या संघाचा चाहता विचारतोय यावर त्याचं उत्तर अवलंबून नसतं.

पॅट्रियट्सनी तो साखळी हंगाम १६-० असा निखळ जिंकला. परक्या स्टेडियममध्ये लोक कागदावर मोठं तारांकन काढून आणायचे. तारांकन म्हणजे विक्रमापुढे तळटीप हवी, हा विक्रम खरा धरू नका. अपराजित हंगामाचा मान तोवर १९७२ च्या डॉल्फिन्सचा, आणि त्यांचे कोच तेच डॉन शूला. नोव्हेंबरमध्ये त्यांनीही तारांकनाची भाषा केली आणि नंतर थोडी मवाळ केली. ३ फेब्रुवारी २००८ ला न्यूयॉर्क जायंट्सनी पॅट्रियट्सना १७-१४ असं हरवलं, तेव्हा बॉस्टन सोडून उरलेल्या अमेरिकेत जो आनंद झाला, त्यात फुटबॉलपेक्षा सूडच जास्त होता. आदल्या दिवशी 'बॉस्टन हेरल्ड'ने बातमी दिली होती की २००२ च्या सुपर बोलआधी पॅट्रियट्सनी सेंट लुइस रॅम्सचा सराव चोरून चित्रित केला. मे महिन्यात त्या दैनिकाने बातमी खोटी ठरल्याचं कबूल करून पहिल्या पानावर माफी मागितली. तरी रॅम्सचे चाहते अजून ती खरी मानतात. टेप जपून ठेवल्या असत्या तर निदान त्यात काय होतं आणि काय नव्हतं, हे दाखवता आलं असतं.

या सगळ्यातून खेळात एक चांगला बदल झाला. २००८ पासून बचावातल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्येही रेडिओ आला. हातवाऱ्यांची गरज कमी झाली आणि त्यांच्या चोरीतलं मोलही.

न्यू ऑर्लिन्सचं प्रकरण वेगळं, आणि माझ्या लेखी यातलं सगळ्यात गंभीर. मार्च २०१२ मध्ये लीगने जाहीर केलं की सेंट्स संघात २००९ ते २०११ या काळात प्रतिस्पर्ध्याला जखमी केल्याबद्दल रोख बक्षिसं देण्याची पद्धत होती. समोरच्याला गाडीवरून बाहेर न्यावं लागलं तर हजार डॉलर, तो पुन्हा खेळूच शकला नाही तर दीड हजार. मुख्य कोच शॉन पेटन पूर्ण २०१२ च्या हंगामाला मुकले. खेळाडूंच्या बंदीवर अपील झालं, तेव्हा आधीचे कमिशनर पॉल टॅगलियाबू यांना नेमण्यात आलं आणि डिसेंबरमध्ये त्यांनी ती बंदी रद्द केली. चाहत्यांनी काय केलं? २००५ च्या कतरिना वादळाने उद्ध्वस्त झालेल्या त्या शहराला २०१० मध्ये याच संघाने पहिली सुपर बोल मिळवून दिली होती. सेंट्सवर बोट ठेवणारा त्यांना शहरावरच उठलेला वाटला. गुडेल यांचा फोटो आणि खाली 'या माणसाला वाढू नये' अशी सूचना असलेली पत्रकं हॉटेलांतून लागली. त्यांचा जिव्हाळा मला कळतो. पण माणसाचा गुडघा मोडल्याबद्दल पैसे वाटणाऱ्यांची बाजू घ्यायला तो जिव्हाळा पुरेसा नाही.

आणि मग १८ जानेवारी २०१५. फॉक्सबरोतच इंडियानापोलिस कोल्ट्सविरुद्धची उपांत्य लढत. पॅट्रियट्स ४५-७ ने जिंकले, आणि रात्र संपायच्या आत बातमी आली की त्यांचे चेंडू मुद्दाम मऊ केले होते.

क्रिकेटमध्ये चेंडू पंचांच्या ताब्यात असतो. एनएफएलमध्ये प्रत्येक संघ चढाईला आपलेच चेंडू वापरतो. २००६ मध्ये पॅट्रियट्सचा टॉम ब्रेडी आणि कोल्ट्सचा पेटन मॅनिंग यांच्यासारख्या क्वार्टरबॅकनीच लीगकडून हा बदल करून घेतला, कारण चेंडू फेकणाऱ्याच्या बोटांना तो कसा लागतो यावर त्याचं सगळं अवलंबून. साहित्य सांभाळणारी माणसं नव्या चामड्याची चकाकी ब्रशने आणि ओल्या फडक्याने घासून घासून काढतात. ते सगळं नियमात बसतं. बंधन फक्त हवेचं: दर चौरस इंचाला १२.५ ते १३.५ पौंड दाब. दाब कमी असला तर थंडीपावसात पकड चांगली बसते. सामन्याआधी पंच दाब तपासतात, पण त्या दिवशी तपासलेले आकडे कोणी कागदावर लिहिलेच नाहीत.

मध्यंतरात पंचांच्या खोलीत चेंडूंच्या पिशव्या आल्या. दोन पंच, दोन दाबमापकं. एकाच चेंडूवर दोन्ही मापकांत तीन ते साडेचार दशांशांचा फरक पडत होता. पॅट्रियट्सचे अकरा चेंडू आधी मोजले, ते सगळे साडेबाराच्या खाली. मग कोल्ट्सचे घेतले, चार झाले आणि वेळ संपली. तोवर ते चार चेंडू उबदार खोलीत जास्त वेळ पडून गरम झाले होते. पूर्ण प्रकरणाचा पाया म्हणजे हे पंधरा चेंडू.

आता शाळेतलं भौतिकशास्त्र. बावीस अंशांच्या खोलीत साडेबारा पौंडांनी भरलेला चेंडू नऊ अंशांच्या मैदानात नेला, तर कोणी हात न लावताही दाब ११.३ च्या आसपास येतो. एका मापकावर पॅट्रियट्सच्या चेंडूंची सरासरी ११.४९ होती, दुसऱ्यावर ११.११. म्हणजे पहिलं मापक धरलं तर गुन्हाच घडला नाही, दुसरं धरलं तर संशयाला जागा राहते. मुख्य पंचांना जे मापक वापरल्याचं आठवत होतं, त्याने आकडे निर्दोष ठरत होते. चौकशी करणाऱ्यांनी दुसरं धरलं. एमआयटीच्या एका प्राध्यापकाने यावर पूर्ण व्याख्यान दिलं आणि ते यूट्यूबवर टाकलं. आदर्श वायूचा नियम लोक एकमेकांना मैदानाबाहेरच्या पार्किंगमध्ये समजावू लागले.

हे सगळं पुढे आलं ते नंतर. पहिल्या दोन दिवसांत सांगितलं गेलं ते वेगळंच. ईएसपीएनने सांगितलं की बारापैकी अकरा चेंडू दोन-दोन पौंडांनी कमी होते. ते खोटं होतं. लीगने पॅट्रियट्सना पाठवलेल्या पत्रात एक चेंडू १०.१ पौंड असल्याचं लिहिलं होतं. तेही खोटं होतं. खरे आकडे लीगच्या हातात होते, आणि ते मे महिन्यापर्यंत बाहेर आले नाहीत. तोवर ज्याला जे मानायचं ते त्याने मानून टाकलं होतं.

६ मे ला वकील टेड वेल्स यांचा २४३ पानी अहवाल आला. ब्रेडीला गैरप्रकाराची कल्पना 'नसण्यापेक्षा असण्याची शक्यता जास्त', एवढंच तो म्हणू शकला. अहवालात दोन कर्मचाऱ्यांचे फोनवरचे संदेश होते आणि त्यातला एक स्वतःला 'डिफ्लेटर' म्हणवत होता. तोच सामन्याआधी चेंडूंची पिशवी घेऊन शंभर सेकंद शौचालयात गेला होता. चौकशीच्याच सुमारास ब्रेडीने आपला जुना फोन नष्ट करून टाकला. पॅट्रियट्सच्या चाहत्यांनी हे डोळ्यांआड करू नये. ज्याचं काही लपलेलं नाही त्यानेही त्या आठवड्यात फोन जपायला हवा होता. तरीही हे सगळं जोडून पाहिलं की मला संशय दिसतो, पुरावा दिसत नाही. शिक्षा मात्र पुराव्याची झाली: ब्रेडीला चार सामन्यांची बंदी, संघाला १० लाख डॉलर दंड आणि ड्राफ्टमधल्या दोन निवडी रद्द.

ब्रेडीने अपील केलं. ते ऐकलं कोणी? गुडेल यांनीच. २०११ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने लीगशी जो करार केला, त्यात शिक्षा देणारा आणि अपील ऐकणारा एकच माणूस असू शकत होता. न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये बंदी उठवली. एप्रिल २०१६ मध्ये वरच्या न्यायालयाने दोनास एक अशा मतांनी ती पुन्हा लागू केली. त्यांनी निकाल दिला तो मुख्यतः कराराने कमिशनरला तो अधिकार आहे यावर. चेंडूतून हवा कोणी काढली, हे ठरवणं त्या न्यायालयाचं कामच नव्हतं. पण बाकीच्या देशात शीर्षक एवढंच गेलं: ब्रेडी दोषी.

फॉक्सबरोच्या प्रेक्षकांनी राग साठवून ठेवला. गुडेल दोन वर्षं त्या मैदानाकडे फिरकले नाहीत, तेव्हा सामना चालू असताना गर्दी एका सुरात विचारायची, 'रॉजर कुठे आहे?' ५ फेब्रुवारी २०१७ ला ह्यूस्टनमध्ये पॅट्रियट्स २८-३ असे मागे पडून ३४-२८ असे जिंकले. गुडेल चषक द्यायला उभे राहिले आणि हुर्यो इतकी झाली की त्यांचं बोलणं नीट ऐकू येईना. सप्टेंबरमध्ये ते अखेर फॉक्सबरोत आले. त्या संध्याकाळी हजारो लोकांच्या हातात एक टॉवेल होता, त्यावर गुडेल यांचा चेहरा आणि नाकावर विदूषकाचा लाल गोळा. बाहेरच्या मैदानांवर याच लोकांच्या संघाला 'चीटर' म्हणून हाकारलं जायचं. दोन्ही घोषणा एकाच अपुऱ्या चौकशीतून जन्मल्या.

डिसेंबर २०१९ मध्ये पॅट्रियट्सच्या माहितीपटाच्या चमूने क्लीव्हलँडमध्ये सिनसिनाटीच्या बाजूचं चित्रीकरण केलं आणि संघाला ११ लाख डॉलर दंड झाला. तेव्हा कोणाचंही मत बदललं नाही. मतं कधीच पक्की झाली होती.

एक गोष्ट मात्र अजून करता येण्यासारखी होती. २०१५ च्या हंगामात लीगने निवडक सामन्यांत मध्यंतराला चेंडूंचे दाब मोजून नोंदवायला सुरुवात केली. ग्रीन बेच्या कडाक्याच्या थंडीतल्या सामन्यांत चेंडू आपोआप किती मऊ होतात, हे त्या नोंदींनी एका तक्त्यात सांगितलं असतं. ब्रेडी दोषी होता की नव्हता, यावर इतकं सरळ उत्तर दुसरं नव्हतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुडेल यांनी सांगितलं की ती फक्त धाक बसवण्यासाठी केलेली तपासणी होती. आकडे लीगने कधीच प्रसिद्ध केले नाहीत. चार सामने गमावलेल्या खेळाडूला, आणि त्याला लबाड ठरवणाऱ्या प्रत्येक चाहत्यालाही, ते मागण्याचा हक्क आहे.