मानेची ओवी
शिक्षा आणि सुटका : लेखांक ८

१५९८ साली लंडनमध्ये बेन जॉन्सन नावाच्या तरुण नाटककारानं द्वंद्वात एका नटाला तलवारीनं ठार मारलं. गुन्हा त्यानं कबूल केला, म्हणजे फाशी ठरलेली. कोर्टात त्याच्या हातात बायबल देण्यात आलं, त्यानं लॅटिनमधल्या काही ओळी वाचून दाखवल्या आणि फाशी टळली. मालमत्ता जप्त झाली, अंगठ्यावर तापल्या लोखंडाचा डाग बसला, पण माणूस जिवंत घरी गेला.

हा चमत्कार नव्हता, कायदाच तसा होता. पाद्र्यांचा न्याय धर्मपीठानं करायचा, राजाच्या कोर्टानं नाही, अशी तिथली मध्ययुगापासूनची रीत. मग पाद्री ओळखायचा कसा? ज्याला वाचता येतं तो पाद्री. आरोपीपुढे पुस्तक धरलं जाई आणि पान बहुतेक वेळा एकच उघडलं जाई : एकावन्नाव्या स्तोत्राची सुरुवात, जिथे पापी माणूस देवाकडे दयेची याचना करतो. बिशपचा प्रतिनिधी 'वाचलं' म्हणाला, की गळ्याभोवतीचा दोर सैल. हे कळायला चोरांना कितीसा वेळ लागणार? अक्षरशत्रू असलेल्यांनीही ती ओळ घोकून ठेवली. लोक तिला मानेची ओवी म्हणू लागले, कारण ती मान वाचवत असे. शेवटी १४८९ साली कायदा करावा लागला, की पाद्री नसलेल्याला ही सवलत जन्मात एकदाच. अंगठ्यावरचा डाग म्हणजे सवलत वापरून झाल्याची पावती. १७०६ मध्ये वाचनाची अट गेली आणि उरलासुरला प्रकार कायद्यातून जायला १८२७ साल उजाडलं.

आता गंमत पाहा. या खटल्यासाठी तुरुंगात असताना, त्याच दिवसांत, जॉन्सननं आणखी एक धार्मिक गोष्ट केली. तिथे त्याला एक कॅथलिक धर्मगुरू भेटला आणि तो कॅथलिक झाला. राणी एलिझाबेथच्या इंग्लंडात कॅथलिक होणं म्हणजे विकतचं दुखणं. सरकारी चर्चमध्ये गेलं नाही की दंड, मागे हेर, आणि धर्मगुरू सापडला तर त्याला थेट मृत्युदंड. म्हणजे एकाच कैद्यानं एकाच तुरुंगवासात स्तोत्र म्हणून मान वाचवली आणि धर्म बदलून ती पुन्हा धोक्यात घातली. यातली खरी श्रद्धा कोणती, हे सांगायला ज्योतिषी नको.

तुरुंगात धर्म बदललेल्या किंवा धर्माकडे वळलेल्या कैद्याला शिक्षेत सूट द्यावी का, हा आजचा प्रश्न. तो सगळ्यात मोठ्यानं विचारला गेला अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये, कार्ला फे टकर या बाईच्या निमित्तानं.

जून १९८३ मध्ये ह्यूस्टनमध्ये तिनं साथीदाराबरोबर एका घरात शिरून एका पुरुषाला आणि एका स्त्रीला कुदळीनं मारलं. वय तेवीस. लहानपणापासून अमली पदार्थ, पुढे वेश्याव्यवसाय. खटला उभा राहण्याआधी कच्च्या कैदेत असताना तुरुंगात बाहुल्यांचा खेळ घेऊन काही ख्रिस्ती कार्यकर्ते आले. खेळ संपल्यावर तिनं तिथलं एक बायबल उचललं आणि लपवून कोठडीत नेलं. ती पुस्तकं फुकट वाटायलाच आणली होती, हे तिला ठाऊक नव्हतं. धर्माशी तिची पहिली ओळख चोरीनं झाली, असं ती पुढे स्वतःच सांगायची. १९८४ साली तिला मृत्युदंड सुनावला गेला. त्यानंतरची चौदा वर्षं ती मृत्युदंडाच्या कैद्यांत राहिली. १९९५ मध्ये तुरुंगात धर्मसेवा करणाऱ्या एका माणसाशी तिनं लग्न केलं.

जानेवारी १९९८ मध्ये लॅरी किंग यांनी दूरचित्रवाणीवर तिची मुलाखत घेतली. काचेपलीकडे शांत, हसऱ्या चेहऱ्याची बाई बसलेली. लाखो अमेरिकनांनी ती पाहिली आणि देश दुभंगला. देहान्त शिक्षेचे खंदे समर्थक असलेले दूरचित्रवाणीवरचे धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन तिच्यासाठी दयेची याचना करू लागले. पोप दुसरे जॉन पॉल यांनीही विनंती केली. मारल्या गेलेल्या स्त्रीच्या भावानं टकरला क्षमा केली, त्याच स्त्रीच्या नवऱ्यानं मात्र शिक्षा झालीच पाहिजे असं म्हटलं. टेक्सासच्या दया मंडळानं १६ विरुद्ध ० मतांनी अर्ज फेटाळला, दोन सदस्य तटस्थ राहिले. मंडळ एकत्र बसलं नाही, तिला कोणी समोर बोलावलं नाही. सदस्यांनी आपापल्या ठिकाणाहून मतं कळवली. गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या हाती फार तर तीस दिवसांची स्थगिती देणं होतं, तीही त्यांनी दिली नाही. मृत्युदंडाच्या कैद्याच्या हृदयाचा आणि आत्म्याचा निवाडा वरच्या सत्तेवर सोपवणंच बरं, अशा अर्थाचं ते बोलले. ३ फेब्रुवारीला शेवटचं जेवण म्हणून तिनं केळं, पीच आणि सॅलड मागितलं. संध्याकाळी हंट्सव्हिलच्या तुरुंगात विषारी इंजेक्शन देण्यात आलं. १८६३ नंतर टेक्सासमध्ये मृत्युदंड झालेली ती पहिली स्त्री.

माझ्या मते त्या महिन्यात दोन्ही बाजूंनी चुकीचा प्रश्न विचारला. तिचा धर्म खरा की ढोंग, यावर सगळे भांडत बसले. हे कोण ठरवणार? तिलाही कदाचित पूर्ण सांगता आलं नसतं. 'आत्म्याचं आम्हाला कळत नाही' हे बुश यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण आत्मा कळत नाही म्हणून चौदा वर्षांची वर्तणूकही कळत नाही, असं थोडंच आहे? ती तर तुरुंगाच्या कागदोपत्री होती. ते कागद घेऊन तिला समोर बसवून एक दुपार खर्च करायला मंडळाची हरकत काय होती? धर्माचा गाजावाजा एवढा झाला, की जे तपासता आलं असतं तेही झाकलं गेलं.

आणि तिनं इस्लाम स्वीकारला असता तर? पॅट रॉबर्टसन यांचा फोन गेला असता का? मॅसॅच्युसेट्सच्या तुरुंगात १९४०च्या दशकात एक घरफोड्या नेशन ऑफ इस्लामकडे वळला. त्याची व्यसनं सुटली, वाचनाचं वेड लागलं, शब्दकोश उतरवून काढण्यापर्यंत मजल गेली. म्हणजे अगदी पाठ्यपुस्तकातली सुधारणा. तुरुंगाच्या अधिकाऱ्यांना मात्र त्यात उपद्रव दिसला. त्याचं नाव पुढे जगाला माल्कम एक्स म्हणून कळलं. श्रद्धेवर सूट द्यायची म्हटलं, की बहुसंख्याकांची श्रद्धा पुण्य ठरते आणि इतरांची संशयास्पद.

न्यू यॉर्कला सहा खून करणारा डेव्हिड बर्कोविट्झ १९८७ मध्ये तुरुंगात ख्रिस्ती झाला. २००२ साली पॅरोलच्या सुनावणीची वेळ आली, तेव्हा ती रद्द करा, मला सुटायचा हक्क नाही, असं त्यानं गव्हर्नरांना कळवलं. खरं-खोटं देव जाणे. पण श्रद्धेतून फायदा मिळतो की किंमत मोजावी लागते, ही जॉन्सनची कसोटी लावली तर ही श्रद्धा तिच्यात बसते, तिनं काही मागितलं नाही. सुटकेचं आमिष लावलं, की हीच कसोटी हातातून जाते. मग खऱ्याचाही चेहरा ढोंग्यासारखा दिसू लागतो.

आपल्याकडे गावात माळ घालण्याची रीत आहे. दारू प्यायलेला, मारामाऱ्या केलेला माणूस एक दिवस पंढरपूरला जाऊन माळ घालून येतो. गाव त्याला 'माउली' म्हणतं, पण किराणा दुकानदार उधारीच्या वहीतली रेघ खोडत नाही. एक दिवाळी जाते, एक जत्रा जाते, एखादं लग्न होतं आणि रात्री मंडपामागे कोण कोण बसलं होतं ते सगळ्यांना कळतं. मग कुठे दुकानदार म्हणतो, 'बरं, न्या.'

बौद्ध परंपरेतली अंगुलिमालाची गोष्ट आपण अर्धीच सांगतो. दरोडेखोर भिक्खू झाला, त्याला पकडायला निघालेला राजा प्रसेनजित हात जोडून परतला, इथे आपण थांबतो. पुढे भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालावर लोकांनी दगड मारले. डोकं फुटलं, भिक्षापात्र फुटलं, चीवर फाटलं, आणि बुद्धानं त्याला हे सोसायला सांगितलं. त्याहून महत्त्वाचं संघाचे नियम सांगणाऱ्या विनयपिटकात आहे. भिक्खूंना कोणी हात लावायचा नाही, असा बिंबिसार राजाचा हुकूम होता. तेव्हा कुख्यात चोर, तुरुंग फोडून पळालेले, कर्जबुडवे संघात शिरू लागले. लोकांनी ओरड केली आणि बुद्धानं अशांना दीक्षा द्यायला मनाई केली. माफीचा शॉर्टकट बंद करण्याची गरज कायद्याच्या आधी धर्मालाच भासली होती.

धर्म बघून माफी नको, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये सांगितलं. आंध्र प्रदेशचे तेव्हाचे राज्यपाल सुशीलकुमार शिंदे यांनी एका राजकीय कार्यकर्त्याला दिलेली शिक्षामाफी रद्द करताना न्यायालय म्हणालं, की दयेच्या अधिकारात धर्म, जात आणि राजकीय निष्ठा यांचा विचार गैरलागू आहे. तरी सवय जात नाही. २०२२ साली सामूहिक बलात्कार आणि खुनांच्या बिल्किस बानो खटल्यातल्या अकरा कैद्यांना गुजरात सरकारनं सोडलं, तेव्हा शिफारस करणाऱ्या समितीवरच्या एका आमदारांनी त्यांच्यातल्या काहींच्या ब्राह्मण असण्याचे आणि संस्कारांचे गोडवे गायले. खटला मुंबईत चालला होता, त्यामुळे माफीचा अधिकार महाराष्ट्राचा, या मुद्द्यावर जानेवारी २०२४ मध्ये ती सुटका रद्द झाली.

मग बघायचं काय? बचन सिंग खटल्यात १९८० सालीच न्यायालयानं म्हटलं, की आरोपी सुधारण्याची शक्यता विचारात घ्या. २०२२ च्या मनोज निकालानं त्यासाठी कागद मागितले : तुरुंगातली वर्तणूक, केलेलं काम, शिक्षण, मानसिक तपासणीचा अहवाल. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या, एका लहान मुलाच्या खुनाबद्दल फाशी झालेल्या कैद्याची शिक्षा जन्मठेपेवर आली. अठरा वर्षांत त्यानं बी.ए. पूर्ण केलं होतं आणि न्यायमूर्तींनी त्याच्या कवितांचाही उल्लेख केला. मला त्या कवितांची थोडी भीतीच वाटते. उद्या फाशी यार्डात कवितेचे क्लास निघाले, तर ती नवी मानेची ओवी होईल. आणि नागपूर तुरुंगात इग्नूची एम.ए. पदवी मिळवलेल्या, मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातल्या याकूब मेमनला २०१५ साली फाशी झालीच. तिथे गुन्ह्याचं माप वेगळं होतं, हे खरं. तरीही बी.ए. आणि अठरा वर्षांची वर्तणूक, यांची पडताळणी करता येते. श्रद्धेची येत नाही.

बेन जॉन्सन बारा वर्षं कॅथलिक राहिला. या काळात सरकारी चर्चमध्ये प्रभुभोजन घेत नाही म्हणून त्याला धर्मकोर्टात बोलावणंही आलं. पुढे तो स्वतःहून सरकारी चर्चमध्ये परतला. पहिल्याच प्रभुभोजनाला वाइनचा प्याला पुढे आला, तेव्हा बाकीचे एक घोट घेतात तसा न घेता, आपण मनापासून परतलोय हे दाखवायला त्यानं अख्खा प्याला रिकामा केला.